हँडओव्हर

ये जुलियाना. बॅग ठेव, आधी ऐक.
खाटा अठरा, माणसं एकतीस.
सतरा नंबरवर दोघी आहेत, एकीच्या पायांशी दुसरीचं डोकं.
रात्रीत गट्टी जमलीय, त्यांना हलवू नकोस.
चटईवरचे दाराकडून मोज,
नाहीतर परवासारखा खांबामागचा एक राहून जाईल.

सलाईनचे स्टँड चारच.
फेब्रुवारीत सहा मागितले होते, तीन प्रतींत.
वरून कॅलेंडर आलं.
ते काढलं, खिळा उपयोगी पडला.
खिळ्याखाली खातूनबी.
तिला कूस बदलू देऊ नकोस, नळी पुरत नाही.

पांडू झोरे, वय चोवीस. काजूच्या डोंगरावरून आणलाय.
ताप हटत नाही. रक्त बांबोळीला गेलंय.
अंगाला अजून बोंडूचा वास आहे.
बायको विचारते, माकडतापच ना?
मी म्हटलं, कागद येऊ दे.
कागद किती दिवसांनी येतो ते नाही सांगितलं.

आता घड्याळाचं.
दोन चाळीसवर थांबलंय, बघितलंस ना?
बिघडलेलं नाही. सेल मी काढला.
बीपीचं मशीन तीन सेलांवर चालेना
आणि कायतान पेद्रूचे हात गार पडत चालले होते.
स्टुलावर कुणाचा तरी मुलगा झोपलेला,
मी खाटेच्या कठड्यावर चढले.
मशीनने आकडा दाखवला.
तो बघून वाटलं, घड्याळच चालू ठेवलं असतं तर बरं.

डॉक्टर एकच, तो खाली बाळंतिणीपाशी.
अँब्युलन्स चोर्ला घाटात, अपघाताला.
मोबाईल म्हणशील तर तो आधीच गेला होता.
लाईट नव्हती तेव्हा टॉर्च लावून शिरा शोधत बसले,
झोऱ्याची, खातूनबीची,
परत झोऱ्याची.

मग नाडी कशावर मोजायची, तूच सांग.
डोळे सेकंदकाट्यावर, बोटं मनगटावर,
एवढंच तर शिकवलं होतं पहिल्या वर्षी.
काटाच नाही.
एक हात त्याच्या मनगटावर ठेवला,
दुसरा माझ्या गळ्याशी.

माझ्या दहाला त्याचे चौदा.
माझ्या दहाला नऊ.
तो म्हणाला, "बाये, मात्शें उदक दी."
चमच्याने दिलं. अर्धं ओठांच्या कडेने परत आलं.
माझ्या दहाला चार.
मग दोन्ही हात त्याच्या छातीवर,
मग मोजणंच नाही.

खालून पोदेराचा भोंपू ऐकू आला
तेव्हा मी थांबले.

वेळेचा रकाना रिकामा आहे.
'पोदेर आला तेव्हा' असं पेन्सिलीने लिहिलं होतं,
खोडलं.
मुलगी साखळीहून निघालीय. ती विचारेल, किती वाजता?
त्यांना तेवढंच विचारता येतं, जुलियाना.
काय सांगायचं ते ठरव, पण एकच सांग,
भावाला एक, बहिणीला दुसरं असं नको.

सात नंबर रिकामी दिसत नाही ना?
चटईवरची म्हातारी चढली तिच्यावर.
चादर उलटी करून घातलीय, धुतलेली उरली नव्हती.
हे लिहू नकोस कुठे.

झोऱ्याला सहाचं इंजेक्शन झालं.
चाव्या हुकाला. निघते, माझी कदंब सुटेल.
संध्याकाळी येताना सेल आणीन.

दोन आणते.

•

होंड्याच्या पुढे बस रिकामी होते.
खिडकीशी टेकले की दोन बोटं
आपसूक गळ्याशी जातात.
ठोके पडताहेत.
शेजारच्या बाईच्या हातात घड्याळ आहे, मोठ्या काट्याचं,
पदराखाली अर्धं झाकलेलं.
मिनिटाला किती, सहज कळलं असतं.

मी बाहेर बघत राहिले.