नव्वद मिनिटं

शाळेतून चिठ्ठी आली : शनिवारी पालकांनी यावं,
येताना पेन आणावं.
मला वाटलं, सह्या असतील कसल्या तरी.

सुपातली पानं ओल्या फडक्यानं झाकून गेले,
बोटांना तंबाखूचा वास तसाच.
बिराजदार बाईंनी आम्हा बायांना मुलींच्या बाकांवर बसवलं,
गुडघे छातीशी आले. हसलो.
मग हातात एकेक कागद. त्यावर नुसते गोल,
चार-चार ओळीनं, रिकामे.
"शिष्यवृत्ती परीक्षा सांगून कळायची नाही," बाई म्हणाल्या,
"सोडवून बघा. दहा प्रश्न, बारा मिनिटं."

पंचवीसचा एक गठ्ठा, तर हजारात गठ्ठे किती?
बाईंचं वाचून व्हायच्या आत सगळ्याजणी : चाळीस!
"ओरडायचं नाही, गोल काळा करायचा."
पुढच्या प्रश्नात आगगाडी बोगद्यात शिरत होती.
ती मी सोडून दिली,
आणि त्याच्या पुढचं उत्तर तिच्याच गोलात भरलं.
तिथून सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली,
वईत एक धागा चुकावा
आणि टॉवेलची नक्षी शेवटपर्यंत वाकडी जावी, तशी.
दहापैकी दोन.

ब्रँचमध्ये चेकर दोन विड्या सैल निघाल्या
तर अख्खी जुडी बाजूला फेकतो.
मी उठून विचारलं, "हीपण छाटच काय, बाई?"
बाई थांबल्या. खडू या हातातून त्या हातात.
"यादी लागते, तिच्यात नावं थोडी. खोटं कशाला सांगू?
पण सरावाचे पेपर घरी येतील, ते फेकू नका.
पोरगी अपूर्णांकात अडते की वाचण्यात,
ते तिथं दिसतं. मार्क नंतर बघा."
मग म्हणाल्या, रात्री जागवू नका, शेजारणीच्या पोरीचं नाव काढू नका,
आणि घरात शांत जागा द्या.
यावर कुणीच काही बोललं नाही.

आमच्या पुढच्या खोलीत दोन माग आहेत.
सौजन्या जन्मली तेव्हाही चालू होते.
पाढे ती धोट्याच्या ठोक्यावर शिकली,
सतरा चोक अडुसष्ट, खटाक,
सतरा पाचे पंच्याऐंशी, खटाक.
रात्री मी पाच बोटांनी पाच गोल दाखवून
ओळ चुकू नये ते समजावत होते, तर ती म्हणाली,
"अम्मा, ओळ नाही चुकत माझी.
तिथं फार शांत असतं.
मागच्या सरावाला मी सोडवतच नव्हते,
नुसती ऐकत बसले होते."

अंबादास बाहेर बॉबिन भरत होता. ऐकलं असणार.

रविवारी सकाळी त्यानं बटण खाली केलं.
एक माग थांबला, मग दुसरा.
मग गल्लीत जाऊन वडनालला म्हणाला, दीड तास बंद ठेव की.
वडनाल घाबरला : "मयत झाली काय कुणाची?"
"नाही. पेपर आहे."
मजुरी टॉवेलावर, किती बुडाली ते मी मोजलं,
मोजायची सवयच आहे हाताला.
तो पायरीवर बसला, दोन्ही हात मांडीवर उपडे,
बटण दाबायला निघालेले आणि परत आणलेले.

घरात पहिल्यांदाच कळलं
की आमच्या फळीवर घड्याळ आहे.
नळाचा थेंब. कोपऱ्यातली पाल.
सौजन्याचं पेन कागदावर गोल फिरत होतं,
तेही ऐकू आलं.
मध्येच थांबलं.
मी दारातून म्हणणार होते, भयपडकू,
पण बाई म्हणाल्या होत्या, परीक्षेत आई नसते.
कात्री तशीच पानावर धरून बसले.
बऱ्याच वेळानं पेन पुन्हा चालू झालं.

नव्वद मिनिटांनी ती बाहेर आली,
कपाळावर शाई.
किती बरोबर, किती चूक, कुणी विचारलं नाही.
बापाकडे बघून म्हणाली,
"आगगाडीचं सुटलं नाही. लावा आता."