उजवी बाजू

मॉरिस मायनर. रंग मुळात हिरवा असावा.
समुद्र शंभर पावलांवर, म्हणून सगळ्यातच मीठ.
स्टिअरिंगच्या दांड्याचा नट इथेलने तीन दिवस
तेलात भिजत ठेवला. चौथ्या दिवशी पाना लावला,
पान्याला पाइप, पाइपवर स्वतःचं सगळं वजन.
नट निघाला.
सांधा मात्र ढिम्म.

मग तो माझ्या दारात आला,
कुंपणाच्या भांडणानंतर, अकरा वर्षांनी.
"एकट्याचं काम नाही हे." एवढंच.

दोन हातोड्या, समोरासमोर,
सांध्याच्या दोन्ही गालांवर
घाव एकाच क्षणी पडले पाहिजेत,
मागेपुढे झाले तर नुसताच आवाज.
त्याने वेल्शमध्ये मोजलं: ईन, दाय, त्री.
चुकलं.
पुन्हा मोजलं. माझ्या अंगठ्यावर बसलं.
तो हसला नाही. मीही शिवी गिळली.
कितव्या खेपेला कोण जाणे, मोजायचंच विसरलो
आणि टक्.
इतका लहान आवाज, की दोघांनी
एकमेकांकडे पाहून खात्री केली.

दांडा त्याने फडक्याने पुसला, उगाच जास्त वेळ.
कुंपणाचा विषय कोणीच काढला नाही.
मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक:
"डावी बाजू राहिलीय, नेस्टा.
शनिवारी?"