काळ्या दगडावरची रेघ

मागच्या डोंगराला पायऱ्या आहेत, कुणी न खोदलेल्या.
एकेक पायरी म्हणजे एकदा उतू गेलेली जमीन :
निवाली, काळी पडली, शेकडो वर्षांनी तिच्यावर दुसरी.
पायथ्याशी स्टेनव्होर जन्मभर मेंढ्या राखत आली.
तिच्या लेखी दगड म्हणजे कुंपणाचा,
नाहीतर ठेच लागायचा.

यंदा ऑगस्टात स्वाला आली, ड्रिल घेऊन,
आणि तिच्यामागे नोंदवही धरून मी.
खडकात अंगठ्याएवढं भोक,
त्यातून निघते खडूसारखी कांडी.
ड्रिलला पाणी लागतं. म्हातारी दुधाच्या कॅनमधून
ओढा वर चढवते,
मोबदला म्हणून प्रश्न विचारते.

कांडी उपसण्याआधी स्वाला तिच्यावर पितळी टोकानं रेघ ओढते.
दिशेसाठी होकायंत्र बघत नाही,
तबकडीवर काडीची सावली मोजते.
'यंत्र का नाही?'
'इथला दगडच त्याचे कान भरतो.'

म्हातारी हसते. खूप वेळ हसते. पाणी सांडतं.

रेक्याविकचा एक पोरगा, ओदगेर,
धुक्यात याच कड्यावर, होकायंत्रावर विसंबून
भलत्याच दरीत उतरला होता.
दार वाजवलं, बंदराचा रस्ता विचारला.
तिनं सांगितला, अगदी बरोबर सांगितला.
एकेचाळीस वर्षं राहिला.

संध्याकाळी कॉफीवर स्वाला सांगते :
लाव्हा निवतो तेव्हा त्यातल्या लोखंडाला एक कल येतो,
त्या घडीला पृथ्वीचा जो असेल तो.
मग तो सहजी सुटत नाही.
माझ्या भाषेत याला म्हणतात काळ्या दगडावरची रेघ,
कधी न बदलणारी.
पण आठव्या पायरीतली रेघ उलटी आहे.
तिथली उत्तर दक्षिणेला.
नवव्या, दहाव्या पायरीतही.
अकरावीला काही ठरवताच आलेलं नाही.

'सगळ्या ग्रहांना असतं हे?'
'मंगळाला होतं. पोटात लोखंडाचा रस अजून आहे,
पण त्याचं ढवळणं थांबलं.'
'मग?'
'सूर्याचा वारा त्याची हवा ओरबाडत राहिला.
दक्षिणेकडच्या जुन्या दगडांना तेवढं आठवतं.'
स्टेनव्होर आधणाकडे बघते.
शेगडी मंद करायला पुढे गेलेला हात
मागे घेते.

निघताना स्वालानं तिला एक फुटकी कांडी दिली,
वीज पडलेल्या त्या कड्याची.
प्रयोगशाळेला नको होती,
रेघ अर्धीच उमटली होती.
ती आता खिडकीत आहे, ओदगेरच्या होकायंत्राला टेकून.
काटा तिच्याकडे किंचित झुकलेला.

कधीतरी स्टेनव्होर कांडी हातभर दूर सरकवते.
काटा थरथरत उत्तरेला जातो.
जाऊ देते.
मेंढ्यांना चारा घालून येते, हात धुते,
आणि कांडी परत जवळ आणते.