सहाव्या पोत्यातले पाच

केरळातून कोकोपीटची पोती आली
फैजपूरला, टिश्यू कल्चरच्या शेडमध्ये.
सहाव्याची शिवण उसवली तर
ओल्या काथ्यात पाच भेक बसलेले,
चिंचोक्याएवढे, चिंचोक्याच्याच रंगाचे.
झांबरे साहेब म्हणाले, बाहेर टाका.
बाहेर सेहेचाळीस होतं,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
मी पोळ्या रुमालात बांधल्या
आणि डबा त्यांना दिला.

दिवसभर मी केळीची रोपं करते.
ब्लेड, चिमटा, ज्योत, बाटली.
एका कोंबाची हजार,
बी नको, फूल नको, ऋतू नको,
सगळी एका उंचीची, शाळेच्या रांगेसारखी.
एखादं पट्टेदार निघालं, खुजं निघालं, की बादली.
बुरशीचा ठिपका दिसला, की अख्खी बाटली.
अकरा वर्षांत या हातांनी किती टाकली
ते रजिस्टरात असेल.

घरी सावद्याला, जिन्याखाली, काचेची पेटी.
गळा काळपट ते तीन नर.
दोघी माद्या, जाड, सारख्या मातीत शिरणाऱ्या.
ह्यांना घाई चालत नाही.
आधी पंधरा दिवस पेटी सुकू द्यायची,
तळाच्या मातीला भेग पडेस्तोवर,
खाणं निम्मं.
मग पाऊस करायचा.

पाऊस म्हणजे मोडक्या कूलरची मोटर,
ठिबकची नळी, सुई तापवून पाडलेली भोकं,
आणि लॅबमधून कॅनने चोरलेलं पाणी,
कारण आमच्या बोरच्या पाण्यात चहासुद्धा फाटतो.
लाईट येते पहाटे तीनला. तेव्हा माझा पाऊस.
चौथ्या रात्री एकाचा गळा फुगला,
आख्ख्या अंगापेक्षा मोठा,
आणि जुनी शिट्टी पाण्यात बुडवून वाजवावी
तसा तो वाजला.
आतल्या खोलीतून आई म्हणाली,
कूलर बंद कर व माय, बेरिंग गेलं त्याचं.

पाण्यात सकाळी दोन पदरी पोत,
नुसते काळे मणी, वाटी नाही.
तिसऱ्या दिवशी मण्यांवर पांढरी लव आली.
हात आपसूक बादलीकडे गेला.
बराच वेळ तो तिथंच होता.
मग लॅबचाच चिमटा घेऊन
एकेक पांढरा मणी वेचत बसले उजाडेपर्यंत.
सात उरले.
सातांचंही काही झालं नाही.

पुन्हा कोरड. पुन्हा भेग. पुन्हा तीनचा पाऊस.

आता काचेवर चढतात, मुगाच्या डाळीएवढे,
दोघांच्या शेपट्या अजून जायच्यात,
एक उगाचच पिवळा,
एकाची मागची तंगडी वाकडी.
मोजायला बसलं की एक कमी, नाहीतर दोन जास्त;
पाचशेरी म्हणतात ती हीच.
वाकड्याची उडी डावीकडेच जाते
आणि चिलट उजवीकडे बसलेलं असतं.
तरी परवा त्याचं पोट गोल दिसलं.

काळी पडलेली केळी आई आता टाकू देत नाही.
बरणीत घालते, तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा,
वर रबर. चिलटं दाटली की मला हाक मारते.
काल फोनवर मावशीला सांगत होती,
घरात बत्तीस जणं झाली आमच्या.
मावशी थोडा वेळ गप्प.
मग तिने विचारलं असावं, जेवायला काय करतेस एवढ्यायले?
चिलटं, आई म्हणाली.