शेजारी

नेहेते ड्रायव्हरची बदली झाली इटारसीला.
भांडी गेली, कूलर गेला, तुळशीचं डबडंही गेलं.
पाच फुटी टाकी तेवढी माझ्या क्वार्टरच्या भिंतीला येऊन लागली,
आत एकटा अरोवाना:
दीड हात लांब, घासलेल्या पातेल्याच्या रंगाचा,
तोंड वरच्या अंगाला उघडणारं,
टपालपेटीची फट जशी.
“एकटाच असतो, वाल्मीक,” नेहेते म्हणाले.
“सोबत दे. पण बघून दे.”

बघून सोबत देणं,
त्याचाच तर पगार घेतो मी, एकवीस वर्षं.
भुसावळच्या रनिंग रूमला कुणाला कुठला पलंग, मी लावतो.
घोरणारा घोरणाऱ्याशेजारी.
रात्री दोनचा कॉल असेल तो दाराजवळ.
खांडव्याचा एक आणि बडनेऱ्याचा एक बोलत नाहीत
एका डब्यातल्या ठेच्यावरून, किती वर्षं झाली;
त्यांच्या मधे खिडकी ठेवायची
आणि एक बहिरा गार्ड.

म्हटलं, मासे काय अवघड.

जामनेर रोडला सिकंदर तडवीचं दुकान.
त्यानं लांबी नाही विचारली, किंमत नाही.
“तोंड केवढं?”
मी बोटं फाकवली.
“अजून फाकव, भो. त्यात मावलं ते जेवण,
नाही मावलं तो शेजारी.”

तरी मी सहा पट्टेरी चिमुकले आणलेच,
रंगाला भुलून.
सकाळी पाण्यावर एक खवला
आणि अरोवाना असा शांत
की मलाच चोरासारखं वाटलं.

मग चार चांदीचे, ताटलीसारखे उभट,
कसेही धरा तोंडात आडवे येणारे.
ते टिकले.
मालगाडी गेली की दचकून काचेला आपटतात,
पण टिकले.

“वरचं पाणी त्याचं,” सिकंदर म्हणाला, “आता तळाचा घे.”
काळा, चपटा, पाठीला काटे,
काचेला तोंड लावून शेवाळ चाटणारा.
अध्यात नाही, मध्यात नाही.
असा एक सगळ्या वस्तीला हवा असतो.
“सोडताना दिवा बंद. जुन्याचं पोट भरलेलं.
आणि आधी दगड हलव सगळे,
जुन्यालाही वाटलं पाहिजे
आपणही आजच आलो.”
हे मला एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी मी चार नंबरचा पलंग फिरवून बघितला.

मे लागला. नळाला नवव्या दिवशी पाणी,
पिंपात साठवलेलं आधी माशांना, मग मला.
अरोवानाचा रंग उतरत गेला.
कुशीला लंबगोल डाग, खवले निघालेले.
मीठ टाकलं. झिंगे सोलून दिले.
त्या चार ताटल्यांवर संशय घेतला,
एकीला बादलीत ठेवलं दोन दिवस उगाच.

एका रात्री ड्युटीवरून आलो, वीज नव्हती.
मोबाइलचा उजेड टाकीवर धरला
तर तो गरीब काळा
अरोवानाच्या कुशीला चिकटून होता,
थान धरलेल्या वासरासारखा,
आणि पीत होता त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर.
मोठा हलत नव्हता.
वळला नाही, चावला नाही.
तोंडात न मावणाऱ्याचं काय करायचं
हे त्याला कुणी शिकवलंच नसावं.

मी बराच वेळ उजेड तसाच धरला.
घाम हातावरून काचेवर ओघळला
आणि चारही ताटल्या माझ्या बोटांपासून लांब सरकल्या.

सकाळी काळ्याला डब्यात घालून परत नेलं, सायकलच्या दांडीला लटकवून.
सिकंदरनं पैसे निम्मे दिले.
“आता कोण देऊ?”
“थांब जरा,” म्हटलं.

दुपारी रनिंग रूमला नवीन गार्ड आला,
पहिल्यांदाच भुसावळला. बारीक आवाज, पुसलेले बूट,
स्वतःची चादर स्वतः आणलेली.
रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं त्यानं नीट अक्षरात.
“कुठलाही चालेल साहेब, माझा काही त्रास नसतो कुणाला.”
माझं पेन पलंगाच्या रकान्यावर थांबलं.
विचारलं, “रात्री काय करता?”

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.
“झोपतो,” म्हणाला.