चिठ्ठी वाहून गेली

शाहूपुरीत महापुराचं पाणी
शिकलगारांच्या वरच्या फळीला लागलं,
तेव्हा काचेच्या टाक्याच पाण्यात बुडाल्या,
आतलं पाणी, बाहेरचं पाणी एक झालं.
मासे कुणीकडं गेले, दिलशादभाई सांगत नाहीत.
गाळ उपसताना एका कुंडीत
करंगळीएवढी मुळी हाताला लागली.
"ने तुला. सिंगापूरचा माल हाय," म्हणाले,
"नावाची चिठ्ठी तेवढी वाहून गेली."

मी रक्त तपासते, राजारामपुरीत सातव्या गल्लीत.
काचपट्टी, एक थेंब, दोन मिनिटं,
गुठळी बघायची, गट सांगून मोकळं व्हायचं.
वाटलं, एवढ्याशा झाडाचं नाव ते काय.

आधी पानं आली लांबट, हिरवी, कडेला चुण्या.
टाकी बदलली, नळाऐवजी बोअरचं पाणी घातलं
आणि आठ दिवसांत सगळी पानं
शिजल्या पालकासारखी विरघळली.
ओतून द्यायला मोरीपर्यंत गेले होते.
मुळी दाबून बघितली: पांढरी, टणक.
ठेवली.
मग आलेली पानं तपकिरी, सुतळीसारखी अरुंद,
जणू खोलीत भाडेकरू नवा.

विद्यापीठातल्या इंगवले सरांनी
दोन्ही फोटो शेजारी ठेवले, चष्मा काढला.
"पानावर जाऊ नका.
पाण्याखाली एक सांगतात, पाण्याबाहेर दुसरं.
फूल आणा."

फुलासाठी पाणी कमी करायचं होतं.
रोज एक वाटी. दिवाळी गेली, शिमगा गेला.
शेवटी झाड लोणच्याच्या बरणीत, ओल्या वाळूवर,
लॅबच्या खिडकीत उभं राहिलं
कुणाच्याही मदतीशिवाय.

रक्त द्यायला आलेले बाळकू पडवळ
सुईकडं बघवेना म्हणून बरणीकडं बघत होते.
"हे का पाळलंय? आमच्या वड्याला ढीग असतंय.
म्हसरं तुडवत्यात."
कुठला ओढा?
"गगनबावड्याचा. पावसाळ्यात बुडतंय, उन्हाळ्यात उघडं पडतंय.
त्याला काय होत न्हाई."
मी कापूस दाबून धरला, जरा जास्तच वेळ.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी तर नदीतल्या मुळालाच
दीड वर्ष विचारत बसले होते.

वैशाखात फूल आलं.
फूल कसलं, जांभळट नळी,
वरचं टोक पिळलेल्या फडक्यासारखं.
खरी फुलं आत, तळाशी, दिसायची नाहीत.
सर फोनवर म्हणाले, "ब्लेडनं खिडकी पाडा.
मादीफुलं एकमेकांना चिकटून कडं असेल तर एक प्रजाती,
सुटी सुटी असतील तर तिची बहीण."

ब्लेड नवं होतं.
दिवसाला साठ माणसांना टोचते मी, हात थरथरत नाही.
त्या दिवशी नळीवर धार टेकवली
आणि शेजारी एक कोवळं पान दिसलं,
अजून न उघडलेलं.

सरांना विचारलं, "न उघडलेल्या पानावरून कळतं?"
पलीकडं पुस्तकाची पानं वाजली. बराच वेळ.
"कळतं की. हे माझ्या लक्षातच नाही आलं.
दोन्ही कडा आत वळल्या असतील तर बहीण.
एकाच बाजूनं गुंडाळी असेल तर..."

भिंग लावलं.
एकाच बाजूनं. घट्ट.
अळूवडी बांधतात तशी,
आणि झाड अळवाच्याच कुळातलं.

क्रिप्टोकोरीन.
मोठ्यानं म्हणून बघितलं,
रिपोर्ट न्यायला आलेली बाई दचकली.
जात कुठली, ते फूल कापल्यावर कळलं असतं.
ब्लेड पाकिटात घातलं.
जात राहू दे.

मुळीचा एक तुकडा दिलशादभाईंना परत नेला,
पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठीसकट:
क्रिप्टोकोरीन, मुक्काम गगनबावडा.
त्यांनी दोनदा वाचली,
भिंतीवरल्या पुराच्या रेघेच्या बरीच वर चिकटवली,
मग हळूच म्हणाले,
"गाव झाकू का जरा?
इथलंच हाय म्हटल्यावर
ऐंशी रुपये कोण देतंय?"