डाव्या कोपऱ्यातला अंगठा

तीन दिवस मी व्होयतावरच चिडत होते, पाणी सांडतोस म्हणून.
चौथ्या दिवशी टाकीखालचं वर्तमानपत्र उचललं
तर बातम्या एकमेकींत विरघळलेल्या,
आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातून
एक थेंब, सावकाश,
जणू त्याला कुठे पोचायचंच नव्हतं.

मासे न्हाणीतल्या टबात हलवले,
हीटरसकट, गाळणीसकट:
अकरा निऑन, पाच कोरिडोरास,
आणि ती एकटी म्हातारी स्केलार
जी बाबांच्या बोटामागे काचेकाचेने फिरायची.
आता आठवडाभर आंघोळ नाही, मी म्हणाले.
व्होयताला एवढी चांगली बातमी
नाताळातही मिळाली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरचे कोपेत्स्की नळी घेऊनच वर आले.
सात वर्षांची जुनी, पण टोपण घट्ट.
'माझी न्हाणी बघ, बुरशीचा एक ठिपका नाही.'
नेमकं तेच.
बुरशीला मारणारं जे त्यात असतं
ते बुरशीपाशी थांबत नाही.
एवढे जिने चढून आलेल्या माणसाला हे कसं सांगायचं?
कॉफी केली. मग सांगितलं.
ते रागावले नाहीत, नळी कोटाच्या खिशात परत घातली,
उतरताना म्हणाले, बाप तुझा असाच,
कुणाचं काही घ्यायचा नाही.

बाबांनी ही टाकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडली होती,
बंद पडलेल्या एका बेकरीची दर्शनी काच कापून.
आई सांगायची, दोन दिवस आम्ही जमिनीवर बसून जेवलो
आणि सूपलाही व्हिनेगरचा वास.

ब्लेड लावण्याआधी टॉर्च धरला
आणि कोपऱ्यात, सिलिकॉनच्या काळ्या रेघेवर,
तो होता.
थुंकीने ओला करून फिरवलेला अंगठा,
रेषा, वळणं,
आणि मधोमध आडवी खाच,
खाणीतल्या पट्ट्याने दिलेली.
ओस्त्रावामध्ये त्यांची कबर आहे, फोटो आहेत,
पदकसुद्धा आहे एक, ड्रॉवरमध्ये, बटणांबरोबर.
पण इतक्या जवळून ते मला कुठेच दिसले नव्हते.

वरून नवं भरलं तर?
नाही भरता येत.
ओलं सिलिकॉन काचेला धरतं,
वाळलेल्या सिलिकॉनला नाही.
हे मला त्यांनीच शिकवलं होतं.
वर वर लिंपलेलं महिनाभर टिकेल
आणि एखाद्या रात्री
सगळं पाणी कोपेत्स्कींच्या छतातून उतरेल.

खरवडलं.
आधी उजवीकडचं, मग पुढचं, मग तळाचं,
डावा कोपरा शेवटी.
ब्लेड दोनदा बदललं. दोन काचांच्या मधला
केसाएवढा काळा थर तेवढा तसाच ठेवला,
सांधा तोच पेलतो, त्याला हात लावायचा नसतो.
मग अल्कोहोल, फडका, पुन्हा अल्कोहोल,
काच बोटाखाली कुरकुरेपर्यंत.

बाहेर उणे अकरा, आणि खिडकी सताड उघडी.
वास डोळ्यांत चढत होता.
व्होयता दाराबाहेर, टोपी घालून,
'झालं का' दर दोन मिनिटांनी.
नळी एका दमात ओढली, न थांबता,
आणि रेघ बोटाने दाबत नेली.
हातमोजे होते. म्हणून कुठेच काही उमटलं नाही,
नुसती गुळगुळीत,
दुकानातल्यासारखी रेघ.

सात दिवस. रोज सकाळी नाक टाकीत घालायचं.
पाचव्या दिवशी वास गेला असं वाटलं,
सहाव्याला पुन्हा आला, की मलाच आला, कोण जाणे.
आठव्या दिवशी नुसतं पाणी भरलं, मासे नाहीत,
खाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं
आणि झोप न येता पडून राहिले.

सकाळी बातम्या वाचता येत होत्या.
ट्राम क्रमांक आठचा मार्ग बदलणार होता,
कुणाचा तरी कुत्रा सापडला होता.
मी सगळं पान वाचून काढलं,
गुडघ्यांवर बसून,
जाहिरातींसकट.